आमच्या चर्चची पूर्व शोधताना : मोजमापाच्या नोंदी

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या आमच्या गावठाणात एक जुने चर्च आहे. त्याचा सण १९ मार्चला, संत योसेफाच्या दिवशी असतो. त्या सकाळचे ऊन मोठ्या दारातून थेट वेदीवर, म्हणजे प्रार्थनाविधी होतो त्या ओट्यावर, पडते, कारण बांधणाऱ्यांनी चर्च त्याच दिवसाच्या सूर्योदयावर धरून आखले, असे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. यंदा फादरांनी स्मरणिकेसाठी या विषयावर दोन पाने मागितली. आयुष्यभर आरेखक (इमारतींचे नकाशे काढणारा) म्हणून नोकरी केलेली असल्यामुळे ऐकीव गोष्ट न मोजता छापायला देणे मला जमेना. मोजायला परवानगी मिळाली, मात्र चर्चचे नाव इतरत्र लिहायचे नाही, ही अट मी मान्य केली आहे.

ही नोंदवही दुसऱ्या कोणाला आपल्या गावचे चर्च मोजायचे असेल तर उपयोगी पडावी म्हणून ठेवली आहे. मदतीला पुतणी आहे. ती वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. आमच्या चर्चबरोबर आसपासची आणखी चार चर्चे मोजून तुलना करायची, असा बेत आहे. आज बाजारातून ओळंबा (दोरीला टांगलेले वजन), पाणसळ (सपाटी तपासण्याचे साधन) आणि प्लायचा एक चौकोनी तुकडा आणला.

२ फेब्रुवारी, रविवार

नऊच्या मिस्सानंतर (सामुदायिक प्रार्थनाविधीनंतर) चर्च रिकामे झाल्यावर पुतणीने फोनमधला कंपास काढला. दाराच्या उंबऱ्यावर ११२ अंश, मधल्या वाटेत ९४ आणि वेदीच्या पायरीशी १०५ असे आकडे आले. अंश उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजले आहेत, म्हणजे नेमकी पूर्व ९०. एकाच सरळ रेषेवर तीन ठिकाणी अठरा अंशांचा फरक पडतो, तेव्हा दोष रेषेत नसतो. भाड्याने आणलेला प्रिझमॅटिक कंपासही आत तसाच भरकटला. दाराला लोखंडी सरकते ग्रिल आहे, फरशीखाली काँक्रीटमध्ये सळ्या आहेत आणि दोन्ही भिंतींना ध्वनिक्षेपक टांगलेले आहेत, ज्यांच्या पोटात चांगले दणकट लोहचुंबक असतात. बाहेर अंगणात गेलो, तर तिथे मोटारसायकलींची रांग.

मुंबईपुरती एक गोष्ट सोयीची आहे. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत इथे एक अंशाहूनही कमी फरक पडतो, त्यामुळे त्याची दुरुस्ती केली नाही तरी फारसे बिघडत नाही. बिघडवते ते आसपासचे लोखंड आणि वीज. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरातल्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरल्यावर ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवावे लागले. वेधशाळेला ज्या शहरातून उठावे लागले त्याच शहरात आपण फोन घेऊन उभे राहिलो, हे पुतणीला सांगितल्यावर ती हसली आणि कंपास गुंडाळून ठेवला. दोन दिवसांचे भाडे ६०० रुपये पाण्यात गेले.

९ फेब्रुवारी, रविवार

कंपास नको, सूर्यच धरू, असे ठरले. दुपारी बारा वाजता सावली बरोबर उत्तरेकडे पडते, हे शाळेत शिकलेले दोघांच्याही डोक्यात पक्के होते. अंगणात पाणसळ लावून प्लाय सपाट केला, ओळंब्याची दोरी तिपाईला बांधली आणि घड्याळात बारा वाजता सावलीवर पेन्सिलीने रेघ ओढली. संध्याकाळी उपग्रहाच्या नकाशावर ताडून पाहिले, तर आमची उत्तर बावीस अंशांनी चुकलेली निघाली.

चूक सरळ होती आणि मला ती कळायला हवी होती. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची आहे आणि मुंबई जवळजवळ ७३ अंशांवर, म्हणून इथली मध्यान्ह घड्याळाच्या साधारण ३९ मिनिटे मागून होते. जुनी ‘बॉम्बे टाइम’ नेमकी एवढ्याच फरकाची होती आणि ती या शहराने १९५५ पर्यंत सांभाळली. त्यात फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य आणखी चौदा मिनिटे रेंगाळतो. म्हणजे आजची खरी मध्यान्ह १२ वाजून ५३ मिनिटांची होती, आणि आम्ही त्याआधी जवळजवळ तासभर सावली धरली. एक दिवस गेला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचा घोटाळा हत्यारांचा नव्हता, शब्दांचा होता, आणि याच नोंदीसाठी ही वही कोणी वाचली तरी पुरे.

इतर चार चर्चांची प्राथमिक माहिती गोळा करण्यासाठी पुतणीने एक छापील तक्ता केला होता आणि तो तिच्या दोन मैत्रिणींकडे व माझ्या एका मित्राकडे दिला होता. त्यात एक रकाना होता : ‘चर्चची दिशा’. आज चारही तक्ते परत आले आणि चारांतही ‘पूर्वाभिमुख’ किंवा ‘पूर्व’ असे लिहिलेले. मला आनंद झाला, तो अर्धा तास टिकला. त्यातल्या एका चर्चमध्ये मी स्वतः लग्नाला गेलेलो आहे आणि तिथे संध्याकाळी मावळतीचे ऊन दारातून आत येते, हे मला स्वच्छ आठवत होते. फोन करून विचारले, तेव्हा उलगडा झाला. मैत्रिणींनी दार जिकडे तोंड करून आहे ती दिशा लिहिली होती, आणि मित्राने वेदी जिकडे आहे ती.

मराठीत दोष कोणाचाच नाही. देऊळ पूर्वाभिमुख म्हणजे देवाचे तोंड आणि दार पूर्वेला, दर्शन घेणारा पश्चिमेकडे पाहतो. घराचेही तसेच. ख्रिस्ती परंपरेत मात्र विचार उलट्या टोकाने सुरू होतो. तिथे प्रश्न इमारतीने कुठे पाहावे हा नसून प्रार्थना करणाऱ्याने कुठे पाहावे हा आहे, आणि त्याचे उत्तर चर्चच्या इमारती उभ्या राहण्याच्याही आधीचे आहे. इ. स. १९७ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन लिहितो की आम्ही पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतो म्हणून लोक आम्हाला सूर्यपूजक समजतात. कारणे निरनिराळी दिली गेली : एदेनची बाग पूर्वेकडे होती, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात मनुष्याच्या पुत्राचे येणे पूर्वेकडून चमकणाऱ्या विजेसारखे सांगितले आहे. चौथ्या शतकात संत बासिल तर ही चाल लेखी आज्ञेतून आलेली नसून परंपरेने आलेली आहे, असे स्पष्टच म्हणतो. त्याच शतकाच्या अखेरीस सीरियाकडे संकलित झालेल्या ‘प्रेषितांच्या नियमावली’त पहिल्यांदा हे इमारतीवर येते : चर्च लांबट असावे, त्याचा माथा पूर्वेकडे असावा आणि ते जहाजासारखे दिसावे. माथा म्हणजे वेदीचे टोक. या हिशेबाने नियमात बसणाऱ्या चर्चचे दार पश्चिमेला येते, आणि मराठी बोलीत ते चर्च ‘पश्चिमाभिमुख’ ठरते.

तक्ता रद्द केला. नव्या तक्त्यात ‘दिशा’ हा शब्दच ठेवला नाही. त्याऐवजी दोन वाक्ये आहेत : ‘मोठ्या दारात बाहेर तोंड करून उभे राहिल्यास समोर कोणती दिशा येते?’ आणि ‘बाकावर बसून वेदीकडे पाहिल्यास समोर कोणती दिशा येते?’ दोन्ही उत्तरे एकमेकांच्या उलट आली नाहीत, तर तक्ता परत पाठवायचा.

मग लक्षात आले की आमच्या चर्चचे दारच पूर्वेकडे आहे. म्हणजे सणाचे ऊन वेदीवर पडत असो वा नसो, आमची वेदी पश्चिमेला आहे आणि पूर्वेचा नियम इथे उलटा बसलेला आहे. गावात आजवर हे कोणी बोलल्याचे मला आठवत नाही, कारण ‘आमचे चर्च पूर्वेकडे आहे’ हे वाक्य सगळ्यांना पुरत होते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

फादरांना वेदी पश्चिमेला असल्याचे सांगितले. ते म्हणाले, रोममधल्या जुन्या सेंट पीटर्सचेही तसेच होते. खरेच आहे. कॉन्स्टंटाइनच्या काळातल्या त्या बॅसिलिकेचे (भव्य चर्चचे) दार पूर्वेला आणि वेदीचे टोक पश्चिमेला होते. पाचव्या शतकात पोप पहिला लिओ यांनी ख्रिसमसच्या प्रवचनात तक्रार केली आहे की लोक पायऱ्या चढून वर येतात आणि आत शिरण्याआधी मागे वळून उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करतात. आमच्या पायऱ्यांवरही सकाळच्या मिस्साला आलेले काहीजण सूर्याकडे तोंड करून क्षणभर उभे राहतात, पण ते बहुधा थंडीचे ऊन खात असतात.

ऑफिसातल्या कपाटात दुरुस्तीच्या वेळचा एक जुना नकाशा सापडला. त्यावर वेदीच्या मागच्या भिंतीवर इंग्रजीत ‘पूर्व टोक’ असे लिहिले आहे. पुतणीने तो प्रमाण मानून तक्त्यात चढवला आणि आणखी एक ओळ बिघडली. इंग्रजी पद्धतीचे आरेखक वेदीच्या टोकाला सरसकट पूर्वच म्हणतात, मग ते प्रत्यक्षात कुठेही असो. नोकरीत मीही असे नकाशे उतरवून काढले आहेत आणि त्यावर कधी विचार केलेला नाही.

खरी आणि कागदावरची पूर्व जुळवण्याचा आग्रह कुठे दिसतो, हे पाहण्यासाठी सकाळीच कुलाब्याचे अफगाण चर्च पाहून आलो होतो. १८४७ मध्ये पाया घातलेले आणि १८५८ मध्ये पवित्र केलेले हे चर्च इंग्लंडमधल्या त्या काळच्या गॉथिक पुनरुज्जीवनाच्या विचारांवर उभे आहे. त्या मंडळींना वेदी पूर्वेलाच हवी असे, आणि इथल्या पूर्व व पश्चिमेच्या रंगीत काचा विल्यम वेल्स या इंग्रज काचकाराने केलेल्या आहेत. १८६५ मध्ये त्यावर चढवलेला मनोरा १९८ फुटांचा आहे. मोजमापाची परवानगी आधी घेतली नव्हती, म्हणून वेदीमागच्या काचांतून येणारा उजेड पाहून परतलो. वेदीकडे पाहताना डोळ्यांवर उजेड येणे ही पूर्वेची खरी खूण आहे, हे तिथे बाकावर बसल्यावर कळले. आमच्या चर्चमध्ये तो उजेड पाठीवर येतो.

१ मार्च, शनिवार

आज शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी काठी, लावला. कात्यायन शुल्बसूत्र या प्राचीन संस्कृत ग्रंथात यज्ञवेदीसाठी पूर्व-पश्चिम रेषा काढण्याची जी रीत आहे, तीच. सपाट जागी उभी काठी रोवायची, तिच्याभोवती वर्तुळ काढायचे, सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवते तिथे एक खूण आणि दुपारनंतर पुन्हा शिवते तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. घड्याळ लागत नाही, कंपासही लागत नाही. दोन रविवार वाया घालवण्याआधी हेच सुचायला हवे होते.

नऊ वाजता चर्चला पोहोचलो. एक मीटर उंचीची काठी दर्शनी भिंतीपासून सहा मीटरवर उभी केली आणि ६०, ७०, ८०, ९० सेंटीमीटर त्रिज्येची चार वर्तुळे खडूने काढली. सकाळच्या चारही खुणा व्यवस्थित मिळाल्या. दुपारी ६० ची खूण १ वाजून ५५ मिनिटांनी आणि ७० ची २ वाजून २३ मिनिटांनी मिळाली. त्यानंतर काही मिनिटांतच चर्चच्या दर्शनी भिंतीची सावली काठीवर चढली आणि उरलेली दोन वर्तुळे निकामी झाली. दार पूर्वेकडे म्हणजे दुपारनंतर अंगण सावलीत जाणार, हे कागदावर दोन वेळा लिहूनही मला सुचले नव्हते. एकाहून अधिक वर्तुळे काढण्याची बुद्धी झाली म्हणून दिवस वाचला. दोन्ही वर्तुळांच्या रेषा एकमेकींना समांतर आल्या, हीच त्यांची पडताळणी.

आता चर्चचा अक्ष, म्हणजे दारापासून वेदीपर्यंतची मधली रेषा. पहिल्यांदा दर्शनी भिंतीला काटकोन काढला आणि आकडा दोन अंशांनी वेगळा आला. ही भिंत नंतर पुढे वाढवलेली आहे आणि ती मूळ भिंतींशी काटकोनात नाही. जाड गिलाव्यामुळे ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दाराचा मध्य आणि वेदीचा मध्य यांतून सुतळी ताणली आणि तीच रेषा अंगणात आणली. पूर्व रेषेवर पाच मीटर पुढे गेल्यावर ती ९७ सेंटीमीटर दक्षिणेकडे सरकलेली होती, म्हणजे अकरा अंश. दार १०१ अंशांकडे पाहते आणि वेदी २८१ अंशांवर आहे.

१६ मार्च, रविवार

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाल्यापासून, चर्चमध्ये रोज संध्याकाळी काही ना काही असते, त्यामुळे दोन आठवडे हात लावता आला नाही. नकाशावरच्या छपरावरून कोन पडताळताना मी आधी बाजूच्या पत्र्याच्या शेडचा कणा मोजून बसलो होतो. ते आज दुरुस्त केले आणि आकडा जुळला.

घरी बसून गणित केले. मुंबईच्या अक्षांशावर सूर्योदयाची जागा वर्षभरात साधारण ६५ ते ११५ अंशांत फिरते. लंडनला हीच मजल ५० ते १३० पर्यंत जाते. चर्चे आपल्या संताच्या सणाच्या सूर्योदयावर आखलेली असतात, ही कल्पना इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात फार लोकप्रिय होती. तिच्यातली फट दिसायला हे आकडे पुरेत. या पट्ट्यात पडणाऱ्या कोणत्याही रेषेला वर्षातले दोन सूर्योदय सापडणारच, आणि त्यांपैकी एकाच्या आसपास कोणत्या ना कोणत्या संताचा सण असणारच. उलट १५७७ मध्ये मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी बांधकामाच्या सूचना लिहिल्या, तेव्हा वेदीसाठी विषुवदिनाच्या (दिवस-रात्र समान असतात त्या दिवसाच्या) सूर्योदयाची दिशा घ्यावी, उन्हाळ्या-हिवाळ्यातल्या टोकांची नव्हे, असे सांगितले, आणि ते शक्य नसेल तिथे निर्णय बिशपवर सोडला. संताच्या सणाशी त्याचा संबंध नाही.

१९ मार्च, बुधवार

सण. साडेसहाला आम्ही दोघे वेदीजवळ, पुतणीच्या हातात खडू आणि माझ्या हातात घड्याळ. सूर्योदय ६ वाजून ४३ मिनिटांचा, पण समोर दीडशे मीटरवर सात मजली इमारत आहे. दारातून पाहिल्यास ती क्षितिजापासून आठ अंशांपर्यंतचे आकाश झाकते. सूर्य तिच्या गच्चीवरून वर आला तो ७ वाजून २१ मिनिटांनी, आणि तोवर तो दक्षिणेकडे सरकून ९३ अंशांवर पोहोचला होता. उन्हाचा पट्टा दारातून आत आला, बाकांच्या डाव्या रांगेवरून तिरका पुढे गेला आणि वेदीच्या डावीकडे तीन मीटरवर गायनवृंदाच्या कीबोर्डच्या स्टँडवर संपला. वेदीवर काहीच नाही. नंतर सूर्य चढत गेला तसा पट्टा मागे दाराकडे आखडत गेला. तो नेमका अक्षावर येतो तेव्हा साडेसत्तावीस अंश वर असतो, आणि साडेतीन मीटर उंचीच्या दारातून त्याचे ऊन सात मीटरही आत पोहोचत नाही. वेदी तर बावीस मीटरवर आहे.

सणाच्या मिस्साला जमलेल्या लोकांपैकी दोघांनी मला विचारले, ‘पडले ना वेदीवर?’ मी कीबोर्ड दाखवला. एकजण म्हणाला की यंदा ढग असतील. आकाश निरभ्र होते.

२३ मार्च, रविवार

मग १०१ अंश कुठून आले? दारासमोरचा जुना रस्ता मोजला. तो गावठाणातून खाडीकडे उतरतो आणि चर्च त्याला काटकोनात, दार त्याच्याकडे करून उभे आहे. जागा आणि रस्ता असा असताना वेदी पूर्वेला ठेवायची तर लोकांना वळसा घालून मागून आत यावे लागले असते. बांधणाऱ्यांनी दार लोकांकडे केले, असे मी स्मरणिकेत लिहिणार आहे.

तरीही वेदीवर ऊन पडल्याचे इतकी माणसे शपथेवर सांगतात, ती सगळी खोटे कशाला बोलतील? गणित उलट्या बाजूने केले. समोरची इमारत धरून सूर्य आठ अंशांवर असताना बरोबर अक्षावर केव्हा येतो? उत्तर आले १ मार्चच्या आसपास, सकाळी ७ वाजून ३६ मिनिटांच्या सुमारास. म्हणजे ज्या दिवशी आम्ही नऊ वाजता खडू आणि काठी घेऊन पोहोचलो, त्याच दिवशी ऊन वेदीच्या पायरीला लागून दीड तासापूर्वी निघून गेले होते. पुतणीने हे वहीत लाल पेनाने लिहून ठेवले आहे.

वर्षातला दुसरा दिवस १२-१३ ऑक्टोबरचा येतो. समोरची इमारत नव्हती तेव्हा हेच दिवस २१ फेब्रुवारी आणि २० ऑक्टोबरच्या जवळपास पडत असत, आणि ऊन आडवे असल्यामुळे पायरीवर न थांबता वेदीवर चढत असे. संध्याकाळी शेजारच्या मावशींकडे गेलो; त्यांचे वय ८६ आहे. सणाच्या उन्हाबद्दल विचारले, तर त्यांनी मान हलवली. ‘सणाला कुठे? जपमाळेच्या महिन्यात. आम्ही सकाळी जपमाळेला जायचो, तेव्हा वेदीवरचे पितळी स्टँड असे चमकायचे की डोळे मिटायला लागायचे.’ जपमाळेचा महिना म्हणजे ऑक्टोबर.

६ एप्रिल, रविवार

खर्च : ओळंबा १८०, पाणसळ ३५०, प्लाय २२०, कंपासचे भाडे ६००, लोकल आणि रिक्षा ३४०, छपाई व खडू ११०, एकूण १,८०० रुपये. वेळ : साधारण एकतीस तास, त्यांपैकी निम्म्याहून अधिक फुकट. पुन्हा करायचे झाल्यास कंपास घेणार नाही, काठी अंगणाच्या पार पूर्वेच्या कडेला रोवीन आणि पहिल्याच दिवशी शेजारच्या मावशींना विचारीन.

इतर चार चर्चांचे काम थांबवले आहे. सुधारलेले तक्ते दोनच परत आले. १२ ऑक्टोबरला रविवार आहे. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही सकाळी सात वाजता मोठे दार उघडून ठेवण्यास फादरांनी होकार दिला आहे, आणि मावशींना खुर्चीवरून आणण्याचे पुतणीने कबूल केले आहे.